घोंघों, चिकटपट्टी आणि आपले स्पीकर
(गणेशोत्सवाआधीच्या कार्यकर्ता-बैठकीत केलेलं भाषण, अंकासाठी थोडं आवरून लिहिलेलं)



अध्यक्षांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यातली पाच माइक सुरू होईपर्यंत गेली. म्हणजे विषयाला साजेशी सुरुवात झाली म्हणायची!

यंदापासून आपल्या मंडळाच्या साउंडची जबाबदारी तरुण मंडळी घेत आहेत. मला मनापासून आनंद आहे, आणि माझ्या कंबरेला त्याहून जास्त. कपाटाची किल्ली हातात द्यायला दोन सेकंद पुरतात. पण त्या कपाटात दोन मोठे स्पीकर आहेत, एक मिक्सर आहे, बॅटरीवर चालणारा चाकांचा स्पीकर आहे आणि वायरींचा एक असा गुंता आहे की त्यापुढे बिरबलाची खिचडीही लवकर शिजेल. किल्लीबरोबर चार गोष्टी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी इलेक्ट्रिशियन नाही, हे आधीच सांगतो. जिथे इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं तिथे मी तसं स्पष्ट म्हणेन, आणि तिथे कृपया आपलं डोकं चालवू नका. मी चालवलं होतं. तीच गोष्ट आधी सांगतो.

२००९ सालचा गणेशोत्सव. श्टुटगार्टजवळच्या एका गावातला जुना हॉल आपण भाड्याने घेतला होता. तेव्हा आपल्याकडे आजचे स्पीकर नव्हते. एक जुना, इथेच कुणाकडून तरी विकत घेतलेला अँप्लिफायर होता, लोखंडी पत्र्याच्या पेटीतला, आणि त्याला जोडलेले दोन साधे स्पीकर. लोक येईपर्यंत सनई वाजवायची म्हणून मी लॅपटॉप त्या अँप्लिफायरला जोडला. जोडल्याबरोबर स्पीकरमधून 'घोंऽऽऽ' असा आवाज सुरू झाला. सनई खाली आणि घोंघों वर. इथली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. संगीतवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तो स्वर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. म्हणजे जर्मन वीज कंपनीने दिलेला फुकटचा तानपुरा, पण आपल्या एकाही गायकाच्या पट्टीत न बसणारा.

पाहुणे यायला लागले होते. मला कुणीतरी पूर्वी सांगितलेलं आठवलं की अँप्लिफायरच्या प्लगवरचं अर्थिंग झाकलं की आवाज जातो. मी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, प्लगच्या दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्यांवर गुंडाळली, आणि प्लग परत बसवला. आवाज गेला! मी अगदी कॉलर ताठ करून हॉलभर फिरलो. दोन-तीन जणांनी पाठही थोपटली.

आरती झाली, भजनं सुरू झाली. मध्येच कुणीतरी लॅपटॉप पुढच्या नाटुकल्याच्या तयारीसाठी काढून नेला. मला ते कळलंही नाही, आणि कळलं असतं तरी काही वाटलं नसतं. आमच्या एक ताई गात होत्या. स्टेज लहान होतं, त्या कडेला भिंतीशी बसल्या होत्या आणि डावा हात सहज शेजारच्या हीटरच्या लोखंडी पाइपवर टेकला होता. माइक ओठांजवळ गेला आणि त्या एकदम मागे सरकल्या. म्हणाल्या, "ओठाला मुंग्या चावल्यासारखं झालं हो!" सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला, परत गायल्या, कार्यक्रम छान झाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी गाढ झोपलो. झोप उडाली ती दहा दिवसांनी. माझ्या ओळखीचे एक जर्मन इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे तो अँप्लिफायर नेला होता, कारण त्याचं एक बटण खरखरत होतं. त्यांनी आधी प्लगवरची चिकटपट्टी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. मग पेटी उघडली. आत मेन्सच्या एका वायरचं प्लास्टिक पत्र्याच्या धारेवर घासून घासून जवळजवळ संपलं होतं. तांब्याची तार आणि पत्रा यांच्यामध्ये कागदाइतका पापुद्रा उरला होता.

म्हणजे काय झालं होतं, ते नीट समजून घ्या, कारण आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

अर्थिंग हे उपकरण चालायला लागत नाही. फेज आणि न्यूट्रल या दोन तारांवर ते मजेत चालतं. म्हणूनच अर्थिंग काढलं तर काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही, उलट घोंघों जाते, आणि आपण फसतो. अर्थिंगचं काम एकच. आतली फेजची तार कधी पत्र्याला लागली तर त्या विजेला जमिनीकडे जायला सोपी वाट द्यायची, म्हणजे फ्यूज ताबडतोब उडतो आणि पत्रा मेलेला राहतो. ही वाट नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच जिवंत बसून राहतो, कुणाच्या तरी हाताची वाट बघत. आणि माइकची धातूची जाळी वायरीवरच्या आवरणातून थेट त्या पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे अँप्लिफायर हॉलच्या त्या टोकाला असला तरी त्याचा पत्रा गायिकेच्या ओठाशी असतो!

ताईंना लागल्या त्या मुंग्या म्हणजे तारेतून आलेली वीज नव्हती. बऱ्याच उपकरणांत विजेच्या खरखरीसाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडी वीज पत्र्यावर झिरपते. अर्थिंग असेल तर ती तिथून निघून जाते. माझ्या चिकटपट्टीनंतर ती लॅपटॉपच्या बारीकशा वायरीतून जात होती, कारण लॅपटॉपच्या चार्जरला अर्थिंग होतं. लॅपटॉप काढला आणि ती शेवटची वाटही बंद झाली. मग ताई आणि हीटरचा पाइप हीच वाट उरली. तो पापुद्रा त्या संध्याकाळी टिकला म्हणून मुंग्यांवर भागलं. हॉल जुना, त्या सॉकेटच्या मागे आजच्यासारखा संरक्षक स्विचही नव्हता.

मी ताईंकडे जाऊन त्यांना हे सगळं सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की माझ्यानंतर माइक त्यांच्या मुलीच्या हातात जाणार होता, ते मला माहीत होतं का. होतं. यादी मीच केली होती.

हे असं फक्त हौशी लोकांच्या बाबतीत होतं असं नाही. लेस्ली हार्वे नावाचा स्कॉटिश गिटारवादक, 'स्टोन द क्रोज' या बँडमधला, ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात भर कार्यक्रमात स्टेजवर गेला. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लावला, एवढंच कारण.

तर पहिला आणि न मोडायचा नियम : प्लगवर चिकटपट्टी नाही, पट्ट्या वाकवणं नाही, 'आजच्या दिवसापुरतं' नाही.

इथल्या प्लगला 'शुको' म्हणतात, 'शुट्झकोन्टाक्ट' म्हणजे संरक्षक संपर्क या शब्दाचं लघुरूप. नावातच संरक्षण आहे बघा. आपल्या भारतातल्या तीन पायांच्या प्लगमध्ये अर्थिंगचा पाय लांब आणि जाड असतो, म्हणजे तो आधी आत जातो आणि शेवटी बाहेर येतो. शुकोमध्ये हेच काम बाजूच्या पट्ट्या करतात, त्या आधी टेकतात आणि मग दोन दांडे. युक्ती तीच, रूप वेगळं. पण यातूनच आपला खास अनिवासी घोटाळा निघतो. कुणीतरी पुण्याहून अँप्लिफायर किंवा कीबोर्डचा स्पीकर आणतं, त्याला तीन गोल पायांचा प्लग असतो, आणि मग विमानतळावरचा 'जगभर चालणारा' अ‍ॅडॅप्टर लावला जातो. यातले कित्येक अ‍ॅडॅप्टर फक्त दोन तारा पुढे नेतात. अर्थिंग मधल्यामध्ये गायब! मोबाइलच्या चार्जरला चालतं, कारण त्याला अर्थिंग नसतंच. पत्र्याच्या पेटीला चालत नाही. तिची मेन्सची वायर वेगळी निघत असेल तर इथली शुको वायर विकत घ्या, दहा युरोंच्या आत मिळते. निघत नसेल तर प्लग इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला यांच्या छोट्या अ‍ॅडॅप्टरबद्दल आत्ताच कुणीतरी विचारलं. बहुतेक दोन पायांचे असतात, ते चालतात. फक्त सॉकेटमध्ये घट्ट बसतात का ते बघा, ढिले असतील तर ठिणगी पडते आणि भूपात मध्येच फटाके वाजतात.

मग घोंघों आली तर करायचं काय? ती येते कारण दोन उपकरणांना दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थिंग मिळतं आणि शिवाय आवाजाच्या वायरीतूनही ती एकमेकांना जोडलेली असतात. एक वर्तुळ तयार होतं. वर्तुळ तोडायचं, पण आवाजाच्या वायरीच्या बाजूने, विजेच्या बाजूने नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकर यांना शक्य तो एकाच सॉकेटातून वीज द्यायची. अर्ध्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला तरी बहुधा जाते. तरीही राहिली तर कपाटात निळ्या रंगाची एक छोटी डबी आहे, तिला डी-आय बॉक्स म्हणतात. लॅपटॉपचा किंवा कीबोर्डचा आवाज तिच्यातून घ्यायचा. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, आवाज पलीकडे जातो पण तारांचा संबंध तुटतो. तिच्यावर 'ग्राउंड लिफ्ट' असं लिहिलेलं बटण आहे, ते दाबायला हरकत नाही, कारण ते फक्त आवाजाच्या वायरीचं आवरण सोडवतं. ही डबी मी २००९ च्या ऑक्टोबरमध्ये घेतली. एका चिकटपट्टीच्या रिळाच्या वीसपट किंमत. त्या वर्षीच्या खजिनदारांनी बिल बघून भुवया उंचावल्या होत्या, पण कारण ऐकल्यावर सही केली.

आता त्या संरक्षक स्विचबद्दल. इथे त्याला 'एफ-आय' म्हणतात. तो जाणारी आणि परत येणारी वीज सतत मोजत असतो. फरक ३० मिलीअँपियरपर्यंत पोचायच्या आत, म्हणजे वीज दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगातून जमिनीकडे चालली आहे असं वाटताच, तो क्षणाच्या काही भागात पुरवठा तोडतो. साधा फ्यूज हे करू शकत नाही. तो १६ अँपियरचा, म्हणजे १६,००० मिलीअँपियरचा. माणसाचं हृदय त्याच्या कितीतरी आधी हार मानतं. फ्यूज वायरीला वाचवतो, एफ-आय माणसाला. मात्र तुम्ही एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलंत, तर एफ-आयला तुम्ही आणि इस्त्री यांत फरक कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

जर्मनीत साध्या सॉकेटांमागे ३० मिलीअँपियरचा एफ-आय असण्याची सक्ती २००७ नंतरच्या नव्या वायरिंगला आली. जुन्या हॉलना मागे जाऊन ती लागू झाली नाही. आपण जे स्वस्तातले हॉल घेतो ते बहुतेक जुने असतात! म्हणून आपल्याकडे दोन फिरते एफ-आय आहेत, प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणारे. स्टेजकडे जाणारी प्रत्येक वायर त्यातूनच जाते. लावल्यावर त्याचं चाचणीचं बटण दाबायचं. 'टक' असा आवाज होऊन बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तो फेकायचा, वापरायचा नाही. आणि वापरताना परत परत उडत असेल तर हा स्विच बिघडलाय असं म्हणून तो काढून ठेवायचा नाही. तो काहीतरी सांगतोय. एकेक उपकरण काढत जा, कोणतं ते सापडतं.

एक महत्त्वाचं. फार जुन्या इमारतींत सॉकेटमधलं अर्थिंग आणि न्यूट्रल जागच्या जागी एकत्र जोडलेले असतात. पश्चिम जर्मनीत हे १९७३ पर्यंतच्या बांधकामांत सापडतं, पूर्वेकडे त्यानंतरच्याही. शिवाय १९६० च्या दशकाच्या मध्याआधीच्या वायरिंगमध्ये लाल तार अर्थिंगची असायची. आपल्याला लहानपणापासून लाल म्हणजे फेज! त्यामुळे भारतातलं ज्ञान इथल्या भिंतीत घालू नका. हॉल तसा जुना वाटला तर हाउसमाइस्टरना सरळ विचारा की स्टेजच्या सॉकेटांना एफ-आय आहे का आणि वायरिंग कधी बदललंय. हाउसमाइस्टर लोक कडक असतात, पण हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला ते लगेच मानतात, हा माझा अनुभव. खुर्च्या कुठे ठेवायच्या हे विचारणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त.

आता जरा हलका विषय. वडे.

स्पीकरवर '१००० वॉट' लिहिलेलं असतं आणि लोक घाबरतात. घाबरू नका. तो आकडा क्षणभराच्या जोराचा. गाणं, निवेदन, नाटक यांत आपले दोन्ही स्पीकर मिळून सरासरी तीन-चारशे वॉटही क्वचितच खातात. एका सर्किटवर २३० व्होल्ट गुणिले १६ अँपियर, म्हणजे ३६८० वॉट मिळतात. स्पीकरला ते रग्गड आहेत. पण त्याच सर्किटवर स्वयंपाकघरातल्या काकूंनी दोन हजार वॉटची तळणी लावली, शेजारी चहाचं दोन हजाराचं भांडं लावलं, की संपलं. एका वर्षी नाटकाच्या दुसऱ्या अंकात नायिका निरोप घेत होती आणि नेमके वडे कढईत पडले. सगळं अंधारात. प्रेक्षकांना वाटलं, काय दिग्दर्शन आहे! टाळ्या पडल्या. आम्ही मात्र तळघरात टॉर्च घेऊन कोणती जिखरुंग उडाली ते शोधत होतो.

म्हणून हॉल ताब्यात घेतला की पहिलं काम : फ्यूजच्या कपाटासमोर उभं राहायचं आणि कोणतं सॉकेट कोणत्या फ्यूजवर आहे ते वहीत लिहायचं. हाउसमाइस्टरच्या परवानगीने एकेक बंद करून बघायचं. स्टेजचा आवाज एका सर्किटवर, दिवे दुसऱ्यावर, आणि स्वयंपाकघराने दोन्हीकडे पाहायचंही नाही. पॉवर स्ट्रिपच्या पोटात दुसरी पॉवर स्ट्रिप आणि तिच्यात तिसरी, ही आगगाडी आपल्या घरातही बंद करा.

वायरीच्या ड्रमबद्दल माझा आग्रह तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, काही जण त्यावरून माझी नक्कल करतात तेही माहीत आहे. तरी परत सांगतो. ५० मीटरच्या ड्रममधून आठ मीटर ओढायचे आणि बाकीचे ४२ गुंडाळलेले ठेवायचे, हे करू नका. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतले वेढे तापून एकमेकांना चिकटतात. ड्रमवरच दोन आकडे छापलेले असतात, 'आउफगेविकेल्ट' म्हणजे गुंडाळलेली असताना आणि 'आपगेविकेल्ट' म्हणजे पूर्ण उलगडून. पहिला आकडा दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यात उष्णतेने उडणारा एक स्विच असतो, पण तो आपल्या आळसासाठी नाही. पूर्ण उलगडा, उरलेली वायर भिंतीकडेला सैल आठच्या आकड्यात ठेवा. आणि लांबीचाही हिशोब असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या ५० मीटर वायरीतून १० अँपियर गेले तर वाटेतच सुमारे १२ व्होल्ट हरवतात. स्पीकर तक्रार करत नाही, पण कमी अंतर असेल तर छोटी वायर घ्या.

वायरी कोपराला गुंडाळू नका. आतली तार पिळली जाते आणि आवरणाला शेवटी चीर पडते, बहुधा प्लगच्या मानेशी. वायर भरताना तिथे बोट फिरवायची सवय लावा. चीर दिसली की त्या वायरीला लाल कापड बांधा आणि वेगळी ठेवा. 'चालतेय अजून' म्हणत परत पेटीत टाकली की ती पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात लागते. मेन्सच्या वायरी आपण आता रबरी आवरणाच्याच घेतो, त्या थंडीत कडक होत नाहीत. चालायच्या वाटेवरून वायर न्यायचीच असेल तर वर रबराची पट्टी टाका, आणि 'नोटआउसगांग'च्या दारासमोर ना वायर ना स्टँड.

स्टँडचे तिन्ही पाय पूर्ण उघडायचे, वरची खीळ घालायची आणि पायावर वाळूची पिशवी ठेवायची. आपल्या कार्यक्रमात दुसऱ्या रांगेपुढे जेवढी मुलं धावतात तेवढी फ्रांकफुर्टच्या विमानतळावरही धावत नाहीत. वीस किलोचा स्पीकर दोन मीटर उंचीवर असतो, यापुढे मी काही बोलत नाही.

चालू-बंद करायचा क्रम : आधी मिक्सर, मग स्पीकर, एकेक करून. बंद करताना आधी स्पीकर. उलट केलंत तर 'धाड्' असा आवाज होतो आणि त्यात वरचा छोटा स्पीकर जातो. लाल दिवा सतत पेटलेला दिसला तर आवाज कमी करा. तो दिवा शोभेचा नाही.

फ्यूज उडाला तर त्याच अंकाचा नवा घाला. मी मुंबईच्या चाळीत वाढलेला माणूस आहे, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काय कामाला येतो ते मला चांगलं माहीत आहे. इथे नाही. दुसराही उडाला तर पेटी दुरुस्तीला. आणि पेटी उघडायची नाही, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आपण जानेवारीत करतो. बाहेर उणे आठ, स्पीकर रात्रभर गाडीत, आणि आत हॉलमध्ये बावीस अंश, शिवाय शंभर माणसांचा श्वास आणि चहाची वाफ. चष्म्याचं जे होतं तेच स्पीकरच्या आतल्या पाटीचं होतं, दव धरतं. आत आणून खोळ न काढता एक-दोन तास तसंच राहू द्या, मग चालू करा. म्हणूनच संक्रांतीला साउंडवाले सगळ्यांत आधी येतात. तिळगूळ आधी मिळतो हा फायदा वेगळा.

बॅटरीचा स्पीकर आपण लेझीमच्या सरावाला आणि बागेतल्या मिरवणुकीला वापरतो. त्याच्या आत शिशाची बॅटरी आहे. ती रिकामी ठेवली की मरते, म्हणून वापर असो वा नसो, दर दोन महिन्यांनी पूर्ण चार्ज. पुढे-मागे लिथियमवाला घेतलात तर नियम बदलतो. तो अर्धा भरलेला ठेवायचा आणि शून्य अंशाखाली चार्ज करायचा नाही. फुगलेली बॅटरी दिसली तर हात न लावता बाहेर, मोकळ्या जागी. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, बॅटरी विकणाऱ्या दुकानाला जुनी परत घ्यावीच लागते. भारतात जाताना असा स्पीकर नेणाऱ्यांसाठी : १०० वॉट-अवरपर्यंत लिथियम बॅटरी चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाही. आणि ओल्या गवतावर हा स्पीकर मेन्सला लावून वाजवायचा नाही. घरून भरून आणायचा. जनरेटरचा विषय दरवर्षी निघतो. तो भाड्याने देणाऱ्याकडून, एफ-आयसकट आणि लेखी सूचनांसकटच घ्या, नाहीतर बागेत बिनआवाजी भोजन करू.

आवाज किती मोठा ठेवायचा, यावर आपल्यात दोन तट आहेत आणि मी ते मिटवणार नाही. पण इथलं मानक सांगतो. डी-आय-एन १५९०५ भाग ५ प्रमाणे प्रेक्षक जिथे जाऊ शकतात त्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ८५ च्या वर जाणार असेल तर लोकांना आधी सांगायचं, आणि ९५ च्या वर जाणार असेल तर कानात घालायचे बोळे द्यायचे. जबाबदारी कार्यक्रम करणाऱ्याची, म्हणजे आपली. ढोल-ताशाचं पथक बंद हॉलमध्ये हे सहज ओलांडतं, स्पीकरची गरजही लागत नाही! आणि रात्री दहा वाजता थांबायचं. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही दहाच आहेत, इथेही दहा. एवढ्या एका बाबतीत दोन्ही मायदेश एकमताने बोलतात.

शेवटचा मुद्दा तपासणीचा. नोकर ठेवणाऱ्या संस्थांना विजेची फिरती उपकरणं ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागतात. त्याला 'डी-जी-यू-व्ही फोरश्रिफ्ट ३' म्हणतात. आपण हौशी मंडळ, पण हॉलवाले आता आपल्याकडेही उपकरणावरचं ते छोटं स्टिकर मागतात, आणि मागितलं नाही तरी मला ते हवं आहे. तपासणारा अर्थिंगच्या तारेचा रोध मोजतो, छोट्या वायरीला ०.३ ओहमच्या आत यावा लागतो, मग इन्सुलेशन मोजतो. २००९ साली ही एक तपासणी झाली असती तर तो पापुद्रा कदाचित कार्यक्रमाआधी सापडला असता. यंदाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम धरली आहे. कृपया ती मोदकांच्या साच्यांकडे वळवू नका.

तो अँप्लिफायर आपण तेव्हाच मोडीत काढला. प्लग मात्र मी कापून ठेवला आहे, वायरीच्या वीतभर तुकड्यासकट. चिकटपट्टीचा डिंक अजून त्यावर आहे. तो कपाटाच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेला आहे. आत्तापर्यंत ज्यांनी ज्यांनी विचारलं की हे काय लटकवलंय, त्यांना मी 'असंच' म्हणत आलो.

ताई आज इथे आल्या आहेत. यंदा त्यांची मुलगी साउंडच्या गटात आहे, आणि किल्ली मी तिच्याकडे देतोय.

तर पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता, हॉलच्या मागच्या दाराशी. सगळे ड्रम पूर्ण उलगडायचे आहेत, प्रत्येक वायर बोटाखालून घालायची आहे आणि फ्यूजच्या कपाटाचा नकाशा काढायचा आहे. जुने कपडे घालून या. चहा मी आणतो, थर्मासमधून.